जाणवतंय का?

४ जानेवारी

आणलं एकदाचं यंत्र घरी. काडेपेटीहून जरा मोठं, त्यातून निघणारी एक वायर, आणि वायरच्या टोकाला चिमटा. हा चिमटा डाव्या कानाला लावायचा, भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो ना, त्याला. तिथे त्वचेखाली एक नस आहे, ती थेट मेंदूपर्यंत पोचते. तिला रोज अर्धा तास हलका करंट द्यायचा. मग मनाची उदासी हळूहळू उतरते, असं म्हणतात. डॉक्टरीणबाई कागदावर कानाचं चित्र काढून मला समजावायला लागल्या. मी म्हटलं, बाई, कान मला शिकवू नका, बहिऱ्यांना मशिनं बसवण्यात उभा जन्म गेलाय माझा. त्या हसल्या. जिच्यासाठी हे सगळं, ती आमची ही मात्र हसली नाही. ही त्या चित्राकडे बघत होती, पण तिला ते दिसत होतं असं काही वाटलं नाही.

बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की हे यंत्र अजून तपासून बघणं चालू आहे. काहींना गुण येतो, काहींना ढिम्म फरक पडत नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या. दर आठवड्याला इस्पितळातून सिस्टरचा फोन येईल, ती झोप, भूक, मन यांबद्दल विचारेल आणि उत्तरांना गुण देईल. गुण जितके कमी, तितका माणूस बरा. उलटी परीक्षा. शाळेत मी या परीक्षेत पहिला आलो असतो.

आता ही वही कशाला? तर घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून. ठकी, म्हणजे आमची लेक, नोकरीसाठी दुसऱ्या गावी. आणि ही असून नसल्यासारखी. जी बाई तलावाच्या काठावर उभी राहून शंभर पोरांना हाका मारायची, पाण्यात उतरवायची, पोहायला शिकवायची, ती आता दिवसाला दहा शब्द बोलते. त्यातले पाच "हो" आणि पाच "बरं".

कारण काय, म्हणून सगळे विचारतात. कारण काही नाही हो! कोणी गेलं नाही, कोणी फसवलं नाही. गेल्या वर्षी एक दिवस ती तलावाच्या कडेला बसली आणि उठलीच नाही. तिथल्या नव्या शिक्षिकेने मला दुकानात फोन केला, मी गेलो, हाताला धरून घरी आणलं. तेव्हापासून मी कारण शोधतोय. मला वाटतं कारण सापडलं तर मी ते दुरुस्त करीन. यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं डोकं, दुसरं काय.

५ जानेवारी

श्रीगणेशा झाला. संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. हिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, कान स्पिरिटने पुसला, चिमट्याचा स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवला. नियम असा की करंट अगदी शून्यापासून हळूहळू वाढवायचा, मुंग्या आल्यासारखं जाणवलं की थांबायचं, आणि एक पायरी खाली यायचं. किती वाढवायचं ते ज्याच्या कानाला चिमटा आहे त्यानेच सांगायचं. दुसऱ्या कोणाला ते कळायला मार्ग नाही.

मी पहिली पायरी दाबली. विचारलं, "जाणवतंय का?"

"हो," ती म्हणाली.

पहिल्याच पायरीला! मी तर खूशच झालो. बाई म्हणाल्या होत्या की लोकांना पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. म्हटलं, बघ, तुझी नस किती जागी आहे, नुसती हाक मारायचा अवकाश. मग अर्धा तास मी तिला दुकानातल्या गमतीजमती सांगितल्या. यंत्राचं नावही ठेवलं, चिमटेराव. ठकीला फोनवर सांगितलं की चिमटेराव घरजावई म्हणून आलेत आणि पहिल्याच दिवशी कामाला लागलेत. ठकी म्हणाली, "बाबा, आईला देता का फोन?" ही झोपली होती, म्हणजे डोळे मिटून पडली होती. म्हटलं, उद्या बोल.

९ जानेवारी

आज दुकानात धमाल. एक रिटायर झालेले हेडमास्तर आले होते, सून घेऊन आली होती. त्यांना कान तपासायच्या केबिनमध्ये बसवलं, कानावर हेडफोन चढवले, आवाज ऐकू आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मास्तरांचं बोट खाली यायला तयार नाही! आता आमच्या धंद्यात एक युक्ती असते. मधूनच आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि विचारायचं, "आला का?" मी बंद ठेवला, विचारलं. मास्तर म्हणाले, "आला की! अगदी स्पष्ट." काचेबाहेर सून उभी होती ना, तिच्याकडे बघून म्हणाले. तिला काळजी वाटू नये म्हणून. असे खोटे "हो" मी दिवसातून दोन-चार पकडतो. माणूस बहिरा असतो त्याहून जास्त भिडस्त असतो. मग सुनेला बाहेर चहाला पाठवलं आणि परत पहिल्यापासून तपासलं.

संध्याकाळी चिमटेरावांच्या वेळेला हिला सगळं साभिनय करून दाखवलं, मास्तरांचं ते ताठ बोटसुद्धा. पूर्वी पोट धरून हसली असती. आज तिने मान खिडकीकडे वळवली. हिला विनोद कळेनासे झालेत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

१४ जानेवारी

सिस्टरचा पहिला फोन. मी फोन मधे टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला आणि हिच्या शेजारी बसलो, म्हणजे तिला एकटं वाटायला नको. सिस्टरचा आवाज गोड आहे, पण प्रश्न कसले एकेक! झोप कशी लागते, जेवावंसं वाटतं का, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का. ही प्रत्येक प्रश्नाला आधी माझ्याकडे बघायची. मी मान हलवून धीर द्यायचो, सांग, सांग. ती म्हणायची, "आधीपेक्षा बरं आहे."

शेवटी सिस्टर म्हणाली, गुण पुष्कळ खाली आलेत, छान! मी उठून टाळीच वाजवली. ही माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "किती आनंद झाला तुम्हाला." खूप दिवसांनी एवढं लांब वाक्य बोलली.

१५ जानेवारी

आज चिडलो. लिहायला नको वाटतं, पण वहीशी खोटं बोलून काय उपयोग. दुकानातून आलो तर ही सकाळी जशी बसली होती तशीच. अंघोळ नाही, केस तसेच, चहाचा कप साय धरून तिथेच. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, काल गुण खाली आले, आज काय झालं? मी एकटा किती ओढू हा गाडा? तू जरा तरी प्रयत्न कर ना! ती म्हणाली, "चुकलं माझं." आणि उठून अंघोळीला गेली. चुकलं म्हणाली. आजारी माणसाने चुकलं म्हणायचं आणि धडधाकट माणसाने ऐकून घ्यायचं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या तपासणीच्या केबिनमध्ये जाऊन बसतो हल्ली. आतलं बाहेर काही ऐकू जात नाही. तिथे रडून घेतो. मोठ्याने रडतो, तोंड धुतो, मग पाटी फिरवतो. हे ठकीला सांगायचं नाही.

२३ जानेवारी

गुण आला! खरंच गुण आला! आज घरी आलो तर केस विंचरलेले, खिडक्या उघड्या, आणि चहा तयार. चहात साखर दोनदा पडली होती, पण मी अमृत म्हणून प्यायलो. चिमटेरावांना मनातल्या मनात दंडवत घातला. सिस्टरचे गुण परत खाली. मी हिला म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो? ती म्हणाली, "हो, म्हणत होतात."

त्या दिवशी ओरडलो त्याचाही उपयोग झाला असावा. कधीकधी माणसाला हलवावं लागतं.

२ फेब्रुवारी

ही आता घर आवरायला लागली आहे. कपाट सगळं रिकामं केलं. पोहण्याचे कपडे, टोप्या, ती पितळी शिट्टी, सगळं पिशवीत भरून तलावावरच्या नव्या शिक्षिकेला देऊन आली. स्वतः चालत गेली, चालत आली! मी म्हटलं, अगं, शिट्टी कशाला दिलीस, परत कामावर जाशील तेव्हा लागेल ना. ती म्हणाली, "तिला उपयोगी पडेल."

त्याहून मोठी बातमी म्हणजे मेहुणीला फोन केला. सख्ख्या बहिणी, पण आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून इतकी वर्षं तोंड बघत नव्हत्या. हिने आपण होऊन फोन लावला आणि म्हणाली, "माझ्या मनात काही नाही, तूही ठेवू नकोस." पलीकडे मेहुणी ढसाढसा रडत होती, मला इथवर ऐकू आलं. ही रडली नाही, शांत होती. इतकी शांत मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. करंट कुठल्या कुठे पोचतो बघा.

८ फेब्रुवारी

इस्पितळात जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंना मी सगळा पाढा वाचला. चहा, कपाट, बहीण, सगळं. म्हटलं, संध्याकाळच्या गोळीने ही गळून जाते, आता एवढं बरं आहे तर कमी करता येईल का? बाईंनी हिला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे म्हणतात तसं."

बाई मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का? मी म्हटलं, आमच्यात लपवाछपवी नाही. तरी उठलो होतो. पण हिनेच हात धरला आणि म्हणाली, "राहू दे त्यांना." मग मी बसलो. बरं वाटलं मला, हिने हात धरला म्हणून. बाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग गोळी अर्धी केली आणि काहीही वेगळं वाटलं तर लगेच कळवा असं दोनदा बजावलं.

१२ फेब्रुवारी

माझी शाळा सुरू झाली आहे. मास्तरीणबाई घरच्याच. आज वॉशिंग मशीन. कोणतं बटण पांढऱ्या कपड्यांना, कोणतं रंगीत. त्याआधी कुकर, किती पाणी, किती शिट्ट्या. मी लोकांच्या कानातली शेंगदाण्याएवढी यंत्रं खोलून जोडतो, आणि कुकर म्हटला की माझी भंबेरी उडते. भात असा झाला की भिंतीला पोतेरं द्यावं. ही म्हणाली, "पुन्हा करा." परत केला. "पुन्हा करा." पोरांना शिकवायची तशीच, चिडत नाही, सोडतही नाही.

मी म्हटलं, "काय गं, परदेशी निघालीस की काय?"

"शिकून ठेवा," ती म्हणाली.

मला आपलं हसू येत होतं. ही परत मास्तरकी करायला लागली, यापेक्षा आणखी काय हवं?

१७ फेब्रुवारी

ठकीचा फोन. तिला इकडे यायचं होतं पुढच्या आठवड्यात. ही म्हणाली, "आत्ता नको, महिनाअखेरीला ये. आणि आलीस की यांच्याकडे चांगली राहा, लगेच पळू नकोस." ठकी म्हणाली, "यांच्याकडे काय, तुझ्याकडे नाही का?" ही म्हणाली, "तेच ते."

फोन ठेवल्यावर तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. उगाचच.

२० फेब्रुवारी

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल संध्याकाळी नेहमीसारखं बसलो. मी स्पंज भिजवला, चिमटा लावला, बटण दाबलं. तोंडाची टकळी चालूच होती माझी. विचारलं, "जाणवतंय का?"

"हो."

"जास्त तर नाही ना?"

"नाही. बरोबर आहे."

मग यंत्र टेबलावर ठेवायला गेलो तर वायर माझ्या मांडीवरून घसरून खाली पडली. तिचं टोक यंत्रात घातलंच नव्हतं मी. बोलण्याच्या नादात विसरलो होतो. चिमटा तिच्या कानाला, यंत्र माझ्या हातात, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग ते मास्तरांचं बोट आठवलं.

मी वायर तिला दाखवली. तिने बघितली. मी म्हटलं, "आज नाही जाणवलं. बाकीच्या दिवशी?"

"कधीच नाही," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा तुमचं तोंड बघवत नव्हतं मला. हो म्हटल्यावर केवढे खुलला होतात. मग रोज हो म्हणायला लागले."

"आणि सिस्टरला?"

"तुम्ही शेजारी बसलेले असायचात."

म्हणजे करंट चढवलाच नाही आम्ही कधी. इतके दिवस पहिल्याच पायरीवर थांबून मी एका रिकाम्या चिमट्याचे गोडवे गात होतो, आणि त्या खोट्या गुणांवर मी, मी स्वतः तोंड वर करून तिची गोळी अर्धी करून घेतली होती.

हे सगळं एका बाजूला. पण त्याच क्षणी दुसरं काहीतरी डोक्यात भराभर जुळायला लागलं. यंत्राने काही झालं नव्हतं, मग ही शांत कशाने झाली? कपाट का रिकामं केलं? शिट्टी का दिली? बहिणीला माफ का केलं? मला भात का शिकवला? कॉलर का नीट केली? मी पुढ्यात बसून एकेक गोष्ट बघत होतो आणि वहीत "गुण आला, गुण आला" म्हणून नाचत होतो.

असं काही विचारू नये, विचारलं तर मनात नसलेलं मनात येतं, असं मला वाटायचं. पण मी विचारलं. सरळ विचारलं, "तू जीव द्यायचं ठरवलं आहेस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे अजिबात खाली घातले नाहीत.

"हो," ती म्हणाली.

हे "हो" खरं होतं. ते ओळखायला मला कुठलीही युक्ती लागली नाही.

पुढचं सगळं तुकड्या-तुकड्याने आठवतंय. मी तिचा हात सोडला नाही. एका हाताने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, तिला क्षणभरही एकटं सोडू नका, लगेच घेऊन या. टॅक्सीत ही माझ्या शेजारी बसून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "मला एका शब्दाने सांगायचं नाहीस?" ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही पहिल्याच दिवशी पकडाल. कानाचंच तर काम तुमचं."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "पोरं पाण्याला हात लावायच्या आधीच 'मला भीती नाही वाटत' म्हणाली, की मी त्यांना सगळ्यात आधी जवळ घ्यायचे. मला वाटलं, तुम्हाला कळेल."

नाही कळलं मला. दिवसभर लोकांचे खोटे "हो" पकडतो मी, पण घरचं एकच "हो" मला खरं असायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

तिला आत ठेवून घेतलं आहे. वॉर्डच्या दाराला बाहेरून कुलूप. तिच्या चपला, ओढणी, चष्म्याची दोरी, सगळं काढून माझ्याकडे दिलं. ओढणीची घडी करून पिशवीत ठेवताना माझे हात चालेनात. नर्स म्हणाली, द्या इकडे, मी करते.

गोळ्या पुन्हा पहिल्यासारख्या, वर आणखी एक नवी. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, यंत्र वाईट होतं का? त्या म्हणाल्या, ते चांगलं की वाईट हे आपल्याला कळलंच नाही, ते तिच्यावर कधी चाललंच नाही. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिला एकटीला विचारायला हवं होतं, ते मी करायला हवं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठकी आली. ती मात्र रागावली. "बाबा, तुम्ही आईला कधी वाईट असूच दिलं नाहीत. लहानपणी माझा गुडघा फुटला तरी तुम्ही आधी म्हणायचात, काही झालं नाही, काही झालं नाही. अहो, झालेलं असायचं!" मग तिनेच जवळ येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघं इस्पितळाच्या जिन्यात बसून रडलो. लोक बाजूने जात होते. जाईनात का.

२५ फेब्रुवारी

भेटीची वेळ दुपारची. ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी गेल्या गेल्या सुरू केलं, कशी आहेस, झोप लागली का, आज चेहरा टवटवीत दिसतोय. ती वळून म्हणाली, "टवटवीत नाही. मी तुमच्यावर चिडले आहे."

"कशाबद्दल?"

"इथे आणलंत म्हणून. आणि इतक्या उशिरा आणलंत म्हणून."

दोन्ही एकदमच कसं, हे मला कळलं नाही, पण दोन्ही खरं असणार. मी म्हटलं, "चीड, खुशाल चीड." त्यावर ती रडली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मला वाटलं होतं रडली की मोकळी होईल, तसं काही झालं नाही. नुसती रडली आणि दमली.

चिमटेराव परत केले. सिस्टरने डबी उघडून बघितली, सगळं जागच्या जागी आहे म्हणाली. मला वाटायला लागलं होतं की ते आमच्या घरचं माणूसच आहे. नाव कशाला ठेवलं होतं मी, कोण जाणे.

३ मार्च

आज गेलो तेव्हा ती खिडकीच्या बाकावर बसली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आज वाईट आहे. कालपेक्षा वाईट."

माझ्या तोंडाशी दहा वाक्यं आली. होईल गं कमी. गोळीला वेळ लागतो. बाहेर ऊन किती छान पडलंय बघ. सगळी गिळली.

ती म्हणाली, "तुम्ही आलात की मला तुमच्यासाठी बरं व्हावं लागतं. फार दमायला होतं त्याने."

असं कोणी तोंडावर सांगितलं की लागतं. मला लागलं. इतकी वर्षं जिच्यासाठी मी विदूषक झालो, तिला मी येण्यानेच थकवा येतो. मी म्हटलं, "मग येऊ नको का?"

शेजारच्या पलंगावरची बाई आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होती. वॉर्डात फिनेलचा वास होता. मी तिच्या उत्तराची वाट बघत बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं उत्तर काय असेल ते माहीत नव्हतं.

"या," ती म्हणाली. "पण काही विचारू नका."

मग मी तिच्या शेजारी बसलो. बोललो नाही. किती कठीण असतं ते! जीभ नुसती वळवळत होती. मी हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग बघत राहिलो. ती बाकाला पाठ टेकून बसली होती. काही वेळाने तिचे डोळे मिटले. मान माझ्या बाजूला कलली, पण खांद्याला टेकली नाही. श्वास संथ झाला. मी हललो नाही, माझा पाय बधिर झाला तरी हललो नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली. नर्सने मला खूण केली. मी चपला हातात घेऊन उठलो, आवाज नको म्हणून. दारापाशी जाऊन वळून बघितलं. ती तशीच होती.

तिला खरंच झोप लागली होती, की मला बरं वाटावं म्हणून ती डोळे मिटून बसली होती, ते मला कळलं नाही. विचारलं नाही.